चार लाख पावलांची लाज

पैज लागली ती सलूनच्या बाहेरच्या बाकावर, आणि लागली ती मिशीवरून.

मिशी टपालरावांची. टपालराव म्हणजे गल्लीतले निवृत्त पोस्टमन. पस्तीस वर्षं एका खांद्याला पिशवी लावून दारोदार चाललेले. समोर वस्तरा, म्हणजे सलूनवाला. त्याचं खरं नाव सांगायला त्याच्या बायकोलाही जरा विचार करावा लागतो. दोघं लहानपणापासूनचे दोस्त, त्यामुळे एकमेकांचा अपमान करायला त्यांना कारण लागत नाही.

"पोट सुटलं तुझं," वस्तरा म्हणाला. "मी दिवसभर गिऱ्हाइकाभोवती फिरतो, तेवढंसुद्धा तू आता चालत नसशील."

"तू फिरतोस? अरे, तू गिऱ्हाइकालाच खुर्चीसकट फिरवतोस."

"मग लाव पैज. महिनाभर पावलं मोजू. हरलास तर ही मिशी भर रस्त्यात उतरवीन."

"आणि तू हरलास तर तुझं डोकं मी भादरणार. मला वस्तरा धरता येत नाही, तेवढं ध्यानात ठेव."

बाकावरची मंडळी पोट धरून हसली. वरच्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाईंनी खिडकीतूनच सांगितलं, "पंच मी." आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून आम्ही दोघे भाऊ आलो. एक वस्तऱ्याच्या कमरेला, एक टपालरावांच्या.

तर मित्रांनो, हा बोलतोय तो दुसरा. मी एक जुना पावलंमोज्या आहे. आता शिवणाच्या डब्यात असतो, तुटक्या बटणांच्या शेजारी. तिथंच शोभतो मी.

माझ्या पोटात एक इवलीशी हातोडी आहे. झटका बसला की ती 'टिक' करते आणि खिडकीतला आकडा एकानं सरकतो. संपलं माझं शिक्षण. कारखान्यात एक ताई आम्हा प्रत्येकाला दहा वेळा हलवून बघायची. मी अकरा दाखवले. तिनं कपाळाला हात लावला, मला परत हलवलं, तेव्हा दहा आले. पास. म्हणजे खोटं बोलायची खोड माझी जन्मापासूनची.

आणखी एक. मला स्वतःचा ठेका नाही. ज्याच्या कमरेला लागेन त्याचा तो माझा. टपालरावांचा ठेका मात्र झकास होता. टप, टप, आणि तिसरं पाऊल जरासं ओढलेलं. पिशवी गेली तरी खांदा तिच्या बाजूला कललेलाच राहिला होता, त्याचा तो परिणाम. पहिल्या संध्याकाळी ते काकूंबरोबर फिरायला गेले. काकू म्हणजे त्यांची बायको. गुडघा दुखरा, त्यामुळे प्रत्येक फाटकापाशी थांबायचं, कुणाचं झाड वाढलं ते बघायचं, पुढं जायचं. मला पाळण्यात असल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर आकडा बघितला तर दोन हजार शंभर. माझ्या भावाच्या खिडकीत सहा हजार.

"टपाल उशिरा पोचतंय," वस्तरा म्हणाला. सगळा बाक हसला.

ते हसू टपालरावांना लागलं. खरं सांगायचं तर मलाही. दुसऱ्या दिवसापासून ते एकटेच निघाले. काकू दारात चपला घालून उभ्या होत्या, तर म्हणाले, "तू बस. तुझ्यानं आकडा होत नाही." काकूंनी चपला काढल्या आणि जागेवर ठेवल्या. त्या मुद्दाम हळू ठेवल्या, एवढं मला कळलं. पण तेव्हा मी खिडकीत दहा हजार दाखवण्याच्या नादात होतो.

मग आम्ही दोघंही चेकाळलो. ते पळायचे, मी मोजायचो. ते शिंकले तरी मी मोजायचो. जेवताना पाय हलवला, मोजला. बाकावर माणसं मला हातात घेऊन "वा!" म्हणायची आणि मी फुगायचो. एका दुपारी त्यांनी मला घोट्याला बांधलं, शिलाई मशीनचा पट्टा काढला आणि खालचा पायटा नुसताच पायानं हाणायला घेतला.

काकू बघतच राहिल्या. "पट्टा नाही, दोरा नाही, कापड नाही. अहो, शिवताय काय?"

"काही नाही. पाय मोकळे करतोय."

"आणि डोकं कुठं ठेवलंत?"

त्या दुपारी मी नऊ हजार पावलं मोजली, आणि टपालराव खुर्चीवरून उठले नव्हते. मग रोज दुपारी तेच. मित्रांनो, ते पहिले नऊ हजार मला अजून टोचतात.

खरी लाज मात्र पुढंच होती. महिना संपायला दोन दिवस राहिले होते. टपालराव बाहेरून आले, दोन-दोन पायऱ्या टाकत, धडधड धडधड. दार वाजवलं. आतून काकूंचा आवाज आला, "कोण आहे?"

"अगं, मी."

साखळी लावूनच दार फटीएवढं उघडलं. काकूंनी फटीतून बघितलं आणि मग साखळी काढली.

"तुम्ही होय? मला वाटलं कुणी परकं आलं. इतकी वर्षं खालच्या पायरीवर तुमचं पाऊल वाजलं की मी चहा टाकते. हल्ली कळतच नाही, कोण चढतंय ते."

एवढंच बोलल्या. ना राग, ना रडणं. टपालराव दारातच पायरीवर बसले. मला कमरेवरून काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं, छातीवर. तिथं एक ठेका चालला होता. आधी धापा टाकत, मग हळूहळू निवांत. माझी हातोडी हलेल एवढा झटका त्यात नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी मोजलं नाही, नुसतं ऐकलं. महिनाभर मी या माणसाच्या अंगाला चिकटून होतो, आणि हा ठेका माझ्या कानावरही आला नव्हता.

म्हणून सांगतो, मित्रांनो, मला वापरा, पण मालक करू नका. दिवसातून एकदा कुठल्यातरी पायरीवर बसा. तुमच्या आत काय वाजतंय ते ऐका. ते दुसऱ्याच्या ठेक्याला लावलंत, तर घरचे दाराची साखळी काढणार नाहीत.

तिसऱ्या दिवशी सलूनसमोर गर्दी जमली. बाईंनी चष्मा लावून आकडे वाचले. वस्तरा, तीन लाख नव्वद हजार. टपालराव, चार लाख बारा हजार. टाळ्या पडल्या. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

टपालराव रस्त्यावर मांडलेल्या खुर्चीत जाऊन बसले. "चल, उतरव मिशी."

"अरे बाबा, जिंकलास तू."

"बाई, यातली पावणेदोन लाख शिलाई मशीनच्या पायट्याची आहेत. ती वजा करा."

बाकाखाली वस्तऱ्याचा कुत्रा पडला होता. महिनाभरात त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या आणि गळ्यावर थेट माझ्या भावाच्या आकाराचा वळ होता. वस्तऱ्यानं त्याच्याकडं बघितलं आणि गुपचूप साबण फेसायला घेतला.

मिशी गेली. आख्ख्या गल्लीनं बघितली. टपालराव उठले तेव्हा त्यांचा ओठ उघडा पडल्यासारखा दिसत होता.

काकू गर्दीच्या कडेला उभ्या होत्या. डोळे बारीक करून बघत म्हणाल्या, "चेहरा तर काही ओळखू येत नाही. चालून दाखवा बघू."

टपालराव चालले. टप, टप, आणि तिसरं पाऊल जरासं ओढलेलं.

"हां," काकू म्हणाल्या. "तुम्हीच. चला, चहा टाकते."