डिपेन्डन्सीची एक ओळ

बायकोच्या लॅपटॉपची डिस्क गेली, ते कळलं गुरुवारी सकाळी. बायको जाऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. मुलीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "काळजी कशाला? बॅकअप आहे."

लॅपटॉपवर सव्वीस रेकॉर्डिंग होती. बायको शिवणाचे वर्ग घ्यायची. आजारपणात पलंगावर बसून तिने सगळं कटिंग बोलून ठेवलं होतं, पुढे वर्ग मुलीने चालवावेत म्हणून. मधूनमधून मला टोमणेही होते.

बॅकअपचा प्रोग्रॅम मी लिहिलेला नाही. तो लोकांना सहज बसवता यावा म्हणून त्याचं पॅकेज मात्र मी करतो. त्याला चालायला आणखी काय काय लागतं, त्याची, म्हणजे डिपेन्डन्सींची, यादी सोबत द्यावी लागते. रोज जेवढं बदललं तेवढंच तो उचलतो, दुसऱ्या कुणाला उघडता येऊ नये म्हणून कुलूपबंद करतो आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवतो.

"होतोय ना हो बॅकअप?" बायको विचारायची.

"हिरवी खूण दिसते ना? मग झाला."

"तुमच्या खुणेवर मी कापडाला कात्रीसुद्धा लावणार नाही."

मी हसायचो.

दुसरी डिस्क जोडली. सव्वीस नावं आली. कॉलर. बाही, भाग दोन. शेवटची तारीख ती जायच्या चार दिवस आधीची. मुलीने पहिलं रेकॉर्डिंग उघडलं.

"बाबा, नावं आहेत. आवाज कुठाय?"

"दुसरं लाव."

तिने सगळी लावून पाहिली. सगळी रिकामी.

कारण सापडायला दुपार झाली. कुलूप लावायचं काम एक वेगळी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार कोड, करते. ती माझ्या मशीनवर आधीपासून होती, म्हणून यादीत लिहायची राहिली. बायकोच्या लॅपटॉपवर ती नव्हती. प्रोग्रॅम नावं लिहायचा, आतलं सगळं टाकून द्यायचा आणि हिरवी खूण दाखवायचा. बॅकअप परत काढून मी बघितला होता, पण माझ्याच मशीनवर.

मुलगी रडली नाही. तिने विचारलं, "हे पॅकेज आणखी किती जणांकडे आहे?"

"तीन हजारांवर."

"मग आजच दुरुस्त करा. त्यांच्याही घरी कुणीतरी असेल."

यादीत लायब्ररीची ओळ घालायला दोन मिनिटं लागली. कोऱ्या मशीनवर बसवून बघितलं, बॅकअप घेतला, परत काढला. सगळं नीट आलं.

नवं पॅकेज पाठवताना काय बदललं ते लिहावं लागतं. लायब्ररी यादीत घातली, एवढं मी लिहिलं. आधीचे बॅकअप रिकामे असू शकतात, हेही लिहायला हवं. ज्यांची डिस्क आधीच गेली आहे, त्यांना ते माझ्याकडून कळेल.

आज रविवार. मुलगी दोनदा विचारून गेली. ते वाक्य लिहायचं राहिलंय, आणि पॅकेज अजून पाठवलेलं नाही.