कोरड्या तालुक्याची होडी

मित्रांनो, परंड्याच्या कचेरीमागे लिंबाखाली पालथी पडलेली एक जुनी होडी, ती मीच. हसू नका. आमच्या कोरड्या तालुक्यात होडीचं काय काम, असं इथले लोकही विचारतात. कितीतरी उन्हाळे मीही स्वतःला तेच विचारत आले.

पूर आला तर माणसं काढायला हवीत, म्हणून नदी आयोगाने मला इथे पाठवलं. पाणी किती चढलं, धरणातून किती सोडायचं, कोणत्या गावाला आधी कळवायचं, हे सगळं आयोग पाहतो. त्याच्या साहेबांनी माझ्या कुशीवर तांबडी रेघ ओढली. पाणी या रेघेला लागलं, की पुढे कुणालाही घ्यायचं नाही. मला त्या रेघेचा केवढा अभिमान! पण तिला पाणी लागलंच नाही. दरवर्षी पाहणी व्हायची, तीही जमिनीवर. साहेब टिचकी मारायचे, "ठणठणीत आहे" म्हणायचे आणि चहाला जायचे. सीना नदीकडून ओला वारा आला की माझा जीव कासावीस व्हायचा.

मग दुष्काळ पडला. कचेरीतले शिपाई हिंमतराव मला जनावरांच्या छावणीत घेऊन गेले आणि त्यांनी माझ्यात टँकरचं पाणी भरलं. गाळ धुता यावा म्हणून तळाला भोक पाडून त्यात लाकडी खुंटी ठोकली. सारजाबाईंची कपिली गाय रोज यायची, पोटभर प्यायची आणि माझी कड चाटायची. "लई पुण्य लागंल गं तुला," सारजाबाई मला म्हणायच्या. मी सुखावायचे. तरी पाणी माझ्या पोटात होतं, अंगाखाली नव्हतं. छावणी उठल्यावर मला परत आणलं आणि पुढच्या पाहणीआधी खुंटीवरून रंग फासला.

गेल्या भाद्रपदात सीना पात्राबाहेर आली. आयोगाचा निरोप वेळेवर आला, गाव उठून उंचावर गेलं. सारजाबाई मात्र गाईपायी मळ्यात थांबल्या आणि नात प्रतीक्षासह गोठ्याच्या पत्र्यावर अडकल्या. मला ट्रॅक्टरवरून नेलं. नदी अंगाला लागली आणि मी शहारले. एवढ्या वर्षांची तहान होती ती! तेवढ्यात तळातून पाणी आत आलं. रंगाखाली वाळलेली खुंटी निसटली होती.

"म्याच पाडलं व्हतं ते भोक," म्हणत हिंमतरावांनी भोकावर तळहात दाबला.

"सरका, काका," सोबत चढलेला मेंढपाळ बिरू म्हणाला. त्याने आपलं घोंगडं टरकावलं आणि बोळा करून भोकात ठासला. लोकर भिजून फुगली, पाणी थांबलं.

आजी, नात आणि शेजारच्या मळ्यातली माणसं चढली, तेव्हा तांबडी रेघ पाण्याला टेकली. दावं सोडलेली कपिली पोहत आली आणि सवयीने माझी कड चाटू लागली.

"बिरू, तिला धर की रं."

"धारंला लई जोर हाय, आजी. तिला धरलं तर समदेच जाऊ."

थोडा वेळ ती आमच्यामागे पोहत राहिली. मग दिसेनाशी झाली.

माणसं वाचली. लोकांनी मला हळदकुंकू वाहिलं आणि पुन्हा लिंबाखाली आणून ठेवलं. परवा सारजाबाई आल्या होत्या. माझ्या कडेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, साहेबांना माझा निरोप सांगा. पाहणी पाण्यात उतरवून करा, भोकं तिथेच कळतात. नदीची ओढ मला अजूनही आहे. पण ती लोकांच्या दारात आली, तेव्हाच तुम्ही मला तिच्याकडे नेलंत. एकदा ती आपल्या पात्रात असताना न्या.