माळावरचं बोलणं

विश्वंभर मोबाईल टॉवरच्या कामावर होता. अख्ख्या सेनगाव तालुक्यात टॉवरमधलं आपल्याइतकं कोणालाच कळत नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं. मावशीच्याच गावातलं काम वाट्याला आलं तेव्हा तर त्याचे पाय जमिनीवर नव्हते. टॉवर नावाला एक, पण अँटेना दोन होते. एक गावात, दुसरा लांब माळावर, शेतातल्या आखाड्यांवर, म्हणजे शेतघरांत, राहणाऱ्यांसाठी.

यात मेख वेळेची असते. फोनवरून वर जाणारं बोलणं ज्याच्या त्याच्या पाळीला अँटेनापाशी पोचावं लागतं. एसटी धरायची तर फाट्यापासून जो लांब राहतो त्यानं आधी निघायचं, जवळच्यानं चहा पिऊन निघालं तरी चालतं, तसंच हे. म्हणून फोनला दोन अँटेनांसाठी दोन वेगळ्या वेळा द्याव्या लागतात. विश्वंभरनं घाईत गावातल्या अँटेनाची वेळ माळावरच्यालाही देऊन टाकली. मग माळावरून फोन लागायचा गावातल्या अँटेनावर, पण लागला की बोलणं घ्यायचा जवळचा, माळावरचा अँटेना. त्याच्याकडे ते भलत्याच वेळी, दुसऱ्याच्या पाळीत घुसायचं आणि वाया जायचं. खाली येणाऱ्या आवाजाला मात्र काही अडचण नव्हती. सगळं स्वच्छ ऐकू यायचं.

काम झाल्यावर दोन्ही ठिकाणी उभं राहून कोणाशी तरी बोलायचं आणि पलीकडच्याला ‘ऐकू येतंय का’ विचारायचं, असा नियम आहे. गावात त्यानं विचारलं. माळावर त्यानं फोन लावला, कंपनीची धून ऐकली आणि ठेवून दिला. कारण आशाबाई मावशीचा आखाडा समोरच होता आणि पिठलं चुलीवरून उतरलं होतं.

तो जेवायला बसला आणि मावशीचा फोन वाजला. वैष्णवीचा होता. आशाबाईंच्या या एकुलत्या एक लेकीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं होतं. आई लग्नाला गेली नाही, आणि त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद होतं. मावशीनं हात पदराला पुसले, फोन कानाला लावला, आणि जे आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं ते म्हणाली.

“वैष्णवी, माझं चुकलं बाई. म्या लग्नाला यायला पायजे व्हतं. जावयाला घेऊन ये घरी.”

पलीकडून मोठ्यानं आवाज आला, “आई? बोल ना. काहून गप हाईस? हॅलो?” मावशी पुन्हा तेच म्हणाली, अजून मोठ्यानं. फोन कट झाला.

विश्वंभर घास चावता चावता हसला. “मावशे, फोन उलटा धरलास का काय? आधी फोन धरायला शीक, मंग बोल!”

मावशीनं फोन बाजूला ठेवला. तिनं त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

पुढं माळावरून तक्रारी यायला लागल्या. आमचं बोलणं जात न्हाई, लोक म्हणत. विश्वंभर हिंगोलीच्या ऑफिसात बसून सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, की फोन जुने आहेत, बदला. शेवटी साहेबानं हटकलं म्हणून त्यानं स्क्रीन उघडली. दोन्ही अँटेनांपुढे वेळेचा एकच आकडा होता, आणि तो त्यानंच भरलेला होता. त्यानं आकडा दुरुस्त केला. कोणाला काही कळलंही नाही. पण त्याला एकदम मावशीचा चेहरा आठवला. लेकीला वाटलं आई फोन उचलते आणि तोंड उघडत नाही. आईला वाटलं मी माफी मागितली आणि पोरीनं फोन आपटला. मधे बसून हा पिठलं खात होता! आपल्या तोंडात कोणीतरी शेण घालायला पाहिजे, असं त्याला वाटलं.

तो गाडी काढून तडक माळावर गेला. मावशी तूर निवडत होती.

“मावशे, तुझा फोन बराबर व्हता. खोट माझ्या कामात व्हती. तुझं बोलणं वर गेलंच न्हाई.”

मावशीचे हात थांबले. “म्हंजे तिनं ऐकलंच न्हाई?”

“न्हाई.”

“आन् मी समजून राहिले, पोरीनं तोंडावर फोन ठेवला.”

तिनं त्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त सूप बाजूला सारलं. त्यानं मावशीच्याच फोनवरून वैष्णवीला लावून फोन मावशीच्या हातात दिला.

“आई?”

“व्हय. जेवलीस का?”

आईचा आवाज ऐकू आला तशी तिकडे वैष्णवी रडायलाच लागली. “आई, तवा गप काहून बसलीस गं?”

“गप न्हवते बाई. बोलत व्हते. फोनातून गेलं न्हाई ते.”

“काय म्हणत व्हतीस?”

मावशीनं तोंड उघडलं, मिटलं. मग फोन विश्वंभरपुढे धरला. “तू ऐकलंस न्हवं? तूच सांग. एकदा कसंबसं निघालं तोंडातून. माझ्यानं पुन्हा न्हाई व्हायचं.”

त्यानं फोन घेतला. ती वाक्यं त्याला शब्दन् शब्द पाठ होती, पण स्वतःच्या तोंडून काढताना जीभ जड झाली.

“वैष्णवी, मावशी म्हणाली व्हती, माझं चुकलं. लग्नाला यायला पायजे व्हतं. जावयाला घेऊन ये घरी.” तो थांबला. “दोनदा म्हणाली. माझ्या कामातल्या चुकीनं तुला ऐकू आलं न्हाई. आन् मी बाजूला बसून तिलाच हसलो.”

विश्वंभर मान खाली घालून तुरीच्या दाण्यांकडे बघत राहिला.

“दादा,” वैष्णवी शेवटी म्हणाली, “तुझ्याशी मी मंग बोलते. आता फोन आईला दे.”

त्यानं फोन मावशीच्या हातात ठेवला आणि तिच्याकडे न बघताच तो आखाड्याबाहेर आला.