माझी घडी एकट्याने होत नाही

मी एक जुनी सतरंजी आहे. मित्रांनो, माझा जन्म तुरुंगातल्या मागावर झाला. मला विणणारा सहादू बांधावरून सख्ख्या भावाशी भांडला होता आणि त्याच्या डोक्यात कुदळ घालून बसला होता. विणताना तो पुटपुटायचा, "तवा कोणी आमाला समोरासमोर बसवलं असतं तर..."

तिथून मी नाशिकच्या एका हायस्कुलात आले. तिथले शिपाई केरूमामा मोठे वस्ताद. मारामारी केलेल्या दोघांना ते प्रार्थनेनंतर माझी घडी घालायला लावत. "आधी हिची घडी घाला, मंग भांडा लय!" मी वीस हात लांब. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची आणि एकमेकांकडे चालत यायचं. "जरा वर धर ना," एवढं तरी बोलावंच लागे. माझ्या धुळीने दोघंही शिंकत, मग हसू आवरत नसे. मामा त्यांना तिथेच बसवत. एकाने सांगायचं, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचं. कितीतरी भांडणं अशी मिटली.

मामा निवृत्त झाले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी अडगळीच्या खोलीत पडले. उंदरांनी माझी किनार खाल्ली, त्याचं मला फारसं काही नाही. माझा जीव तुटतोय तो आज.

दहावीतली ललिता माझ्यावर बसून रडते आहे. ती पेठकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. तिच्या बोलण्याची नक्कल करून तेजस्विनीने वर्गाच्या ग्रुपवर टाकली, म्हणून ललिताने भरवर्गात तिच्या थोबाडीत दिली. कोणी दोघींना काही विचारलं नाही. ललिताला शाळा सोडल्याचा दाखला देऊन घरी पाठवायचं ठरलं. म्हणजे आता परीक्षा नाही, आईबापांबरोबर द्राक्षबागेत मजुरी.

तेजस्विनी दारात उभी आहे. झाडलोट करणाऱ्या झुंबरबाईंना म्हणाली, "मावशी, मला एवढं नव्हतं हो पाहिजे."

"मंग तिला सांग ना. मला काय सांगती?"

ती जागची हलत नाही. माझं एक टोक ललिताच्या मुठीत आहे, दुसरं तेजस्विनीच्या पायाशी. पोरी, वाक गं! उचल ते टोक! मी किती ओरडते आहे, पण सतरंजीचं ऐकणार कोण? मित्रांनो, तुम्हाला आवाज आहे. भांडणाऱ्यांना लांब करू नका, समोरासमोर आणा. आत्ता, लगेच.

बाहेर ललिताचे वडील आले आहेत. ते मुख्याध्यापकांना विचारत आहेत, "सही कुठं करू, साहेब?"