हशा थांबेपर्यंत

दर शुक्रवारी संध्याकाळी हॉलिवूडच्या त्या स्टुडिओत तीनशे माणसं बाकांवर येऊन बसत, आणि त्यांच्यासमोर ‘पॉमरॉय कुटुंब’ या टीव्ही मालिकेचा अख्खा भाग नाटकासारखा सलग चित्रित होई. मध्ये थांबायचं नाही, हा नियम. दार अडकलं, संवाद विसरला, टाचेत खिळा घुसला, तरी त्याचाच विनोद करून पुढे जायचं. पाच वर्षांत व्हर्ना केसलिंगने हा नियम एकदाही मोडला नव्हता.

ती व्हायची मिज, पॉमरॉयांची वेंधळी बायको. नवरा हँक म्हणजे डेल ट्रस्कॉट. मिजने घोळ घालायचा आणि शेवटी हँकने वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन तिला स्वयंपाकघरभर पिटाळायचं, हे ठरलेलं. डेलचा हात बोटभर अलीकडे थांबे आणि व्हर्ना पाठीमागे टाळी वाजवून फटक्याचा आवाज काढी. पण वसंतात एका मासिकाने मुखपृष्ठावर एकट्या व्हर्नाचा चेहरा छापला, आणि तेव्हापासून फटके खरोखर लागू लागले. तिने दंडावरचे वळ दिग्दर्शक मर्लला दाखवले. त्याने ते नीट पाहिलेही. मग म्हणाला, हशा मात्र अकरा सेकंद टिकला.

आता तिला पाचवा महिना होता. आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते. कपडेपट सांभाळणाऱ्या एकट्या ओपलला हे माहीत होतं. तिने एप्रनच्या आत कापसाचा जाड थर शिवून दिला होता. तरी भीती जाईना, म्हणून त्या दुपारी व्हर्नाने स्वतःच डेलला गाठलं आणि सगळं सांगितलं. आज ढकलू नकोस, एवढंच मागितलं. त्याने तिचा हात हातात घेतला. म्हणाला, “बरं झालं सांगितलंस, राणी.”

शेवटच्या प्रसंगात मिज चेरी-पाय, म्हणजे चेरीचं लाल सारण भरलेली गोड पोळी, करत होती. हँक आला, गुंडाळी उगारली, आणि पहिला फटका खांद्यावर बसला तेव्हा व्हर्नाला कळलं की कागदाच्या आत दांडकं आहे. हात बधिर झाला. लोक खदखदून हसले. ती टेबलाच्या पलीकडे पळाली, तर त्याने केस धरून तिचं तोंड कपाटावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली, हनुवटीवरून एप्रनवर उतरली. बाकांवरून ती चेरीच्या रसाचीच वाटली असणार, कारण एक बाई हसता हसता डोळे पुसत होती.

मग त्याचा गुडघा आला. व्हर्ना वळली म्हणून तो मांडीवर बसला.

“डेल,” ती म्हणाली, “पोटाला नको.”

मिजच्या तोंडून नटाचं खरं नाव! चुकली म्हणून लोकांनी बाकं बडवली. डेलही हसला. हसत हसतच त्याने लाथ मारायला पाय मागे घेतला.

शेगडीवर बिडाचा तवा होता. त्यावर दर भागात खरी अंडी तळली जात, म्हणून तोही खरा. व्हर्नाने तो बऱ्या हाताने उचलला आणि त्याच्या नडगीवर घातला. हाड मोडल्याचा आवाज वर टांगलेल्या मायक्रोफोनने सगळ्यांना ऐकवला. डेल कोसळला, तरी त्याचा हात तिच्या घोट्याकडे आला. तिने हातावर मारलं. पुन्हा मारलं. हा शेवटचा घाव गरजेचा नव्हता, पण तो तिने सगळ्यात जोरात घातला.

हशा अजून चालूच होता. आधी पुढची रांग गप्प झाली, मग तिच्या मागची. सगळ्यात वरच्या रांगेतला एक माणूस बराच वेळ एकटाच हसत राहिला. डेल ओकला, तेव्हा कुठे तो थांबला. दिग्दर्शकाच्या काचेच्या खोलीतून मर्ल अजून कर्ण्यावर सांगत होता, थांबू नका, छान चाललंय.

“उठलास तर डोक्यात घालीन,” व्हर्ना म्हणाली आणि पडद्यामागे चालत गेली.

तिथे ती लाकडी पेटीवर बसली. ओपलने आडोशाला परकर वर करून पाहिलं, बोटं फिरवून उजेडात धरली.

“कोरडं आहे, पोरी. सध्या तरी कोरडं आहे.”

मर्ल धावत आला. डेलच्या बोटांचा पार चुराडा झालाय, डॉक्टर पोचतोच आहे. पण लोक अजून बसून आहेत, तर तेवढं तोंड धुऊन दर भाग ज्यावर संपतो तो नवरा-बायकोचा दारातला मुका, कुणा दुसऱ्याला हँक म्हणून पाठमोरा उभा करून, घेता येईल का, असं त्याने विचारलं. त्याचा आवाज अगदी मायेचा होता.

“डॉक्टर आधी माझ्याकडे,” व्हर्ना म्हणाली.

“अगं, तो तिकडे किंचाळतोय.”

“किंचाळू दे.”

बॅग घेऊन डॉक्टर आलाच. मर्लने डेलकडे बोट दाखवलं. ओपलने डॉक्टरची बाही धरली आणि त्याला व्हर्नापुढे गुडघ्यावर बसवलं. बाळाचे ठोके ऐकायला त्याने तिच्या पोटावर नळी ठेवली. पातळ भिंतीपलीकडे डेल शिव्या देत होता, त्यामुळे डॉक्टरला नीट ऐकू येईना. ओपल भिंतीपाशी गेली आणि तळहाताने दोनदा थापटून म्हणाली, “जरा गप बस रे.”

मग तिघांनी श्वास धरला.