दोष आढळला नाही

डॉक्टरबाईंनी चालकाच्या बाजूचं दार उघडून धरलं आणि मेकॅनिकला म्हणाल्या,

"बसा. आज गाडी तुम्ही चालवायची."

मेकॅनिकने फडक्याला उगाच हात पुसले. हात स्वच्छच होते. विजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपात हाताला ग्रीस लागतंय कुठे. त्याने काचेपलीकडच्या केबिनकडे पाहिलं. मॅनेजर फोनवर होता. त्याने बोलता बोलताच हाताने खूण केली. जा, उरकून टाक एकदाचं.

"मॅडम, सकाळीच फिरवून आणली मी. काही जाणवलं नाही."

"कुठवर नेली होतीत?"

"मागच्या रस्त्याने. दोन चकरा."

"किती वेगाने?"

चाळिसाच्या पुढे त्याने ती नेलीच नव्हती.

"मग आता मोठ्या पुलावरून जाऊन येऊ," त्या म्हणाल्या आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर बसल्यासुद्धा.

गाडी तिसऱ्यांदा आली होती. गडद निळी, बुटकी, चार सेकंदांत शंभरावर जाणारी. चौतीस वर्षं लोकांच्या डोळ्यांची ऑपरेशनं करून डॉक्टरबाई निवृत्त झाल्या आणि स्वतःसाठी म्हणून त्यांनी काय घेतलं, तर ही. "या वयात लोक गुडघे बदलून घेतात, बाईंनी रॉकेट घेतलं," असं मॅनेजर म्हणाला होता, आणि मेकॅनिकही सगळ्यांबरोबर हसला होता.

तक्रार दोन्ही वेळा एकच. पुलाच्या चढावर, वेग शंभराच्या पुढे असताना, समोरचा पडदा काळा होऊन गाडी एकाएकी मरते. पाच-सहा मिनिटांनी आपली आपण जिवंत होते. तारीख, वेळ, पुलाचा कितवा दिवा, सगळं बाईंनी बारीक अक्षरात लिहून आणलं होतं. त्याने लॅपटॉप जोडला, गाडीच्या नोंदी उघडल्या, तर त्या वेळेला काहीच नव्हतं. पहिल्या वेळी त्याने कागदावर लिहिलं, दोष आढळला नाही. दुसऱ्या वेळी तेच लिहिलं आणि मॅनेजरच्या सांगण्यावरून खाली एक ओळ वाढवली: ग्राहकाची चालवण्याची सवय तपासावी.

तो दुसरा कागद दिल्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी त्याने घरी सहज म्हणून या मॉडेलच्या मालकांचं इंटरनेटवरचं पान उघडलं होतं. तशाच सात तक्रारी. चढ, वेग, काळा पडदा. सातव्या मालकाला मागून टँकरने ठोकलं होतं. माणूस वाचला होता, पण तक्रार त्याच्या बायकोने लिहिली होती. मेकॅनिकने पान मिटलं आणि वर्कशॉपात याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या दिवसापासून या गाडीत बसायचं म्हटलं की तो दुसरं काम काढायचा. आज सकाळीही दोन चकरांवरच उरकलं होतं.

गाडी आवाज न करता फाटकाबाहेर पडली. रस्ता स्वच्छ होता, ऊन चढलं होतं. बाईंच्या मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. पहिल्या सिग्नलला त्याने घाम टिपला.

"एसी वाढवू का?" बाईंनी विचारलं.

"नको. ठीक आहे."

पूल सुरू होण्याआधीचा मोठा रस्ता लागला. त्याने हलकेच पाय दाबला. गाडीने अशी उसळी घेतली की त्याची पाठ सीटला चिकटली. साठ. ऐंशी. पंचाण्णव. पुलाचा चढ समोर आला. दोन्ही बाजूंना कठडे, थांबायला कडेला वीतभर जागा नाही, खाली लांबवर खाडीचं पाणी चकाकत होतं. आरशात एक ट्रक दिसला. बराच मागे होता.

"शंभराच्या पुढे," बाई हळूच म्हणाल्या.

"हो मॅडम, घेतोय."

एकशे पाच. एकशे दहा. एक दिवा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. काही झालं नाही. माथा जवळ आला तसा त्याने रोखून धरलेला श्वास सोडला. आता उतार. परत जायचं, तिसरा कागद लिहायचा, सुटलो.

आणि पडदा काळा झाला.

आवाज नाही, धक्का नाही. पायाखालचं पेडल नुसतंच खाली गेलं, कुणी दोरी कापावी तसं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. एसीची झुळूक थांबली आणि त्या शांततेत टायर रस्त्यावर घासल्याचा आवाज तेवढा येत राहिला. त्याने धोक्याच्या दिव्यांचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दिवे लागले नाहीत. चढ गाडीचा वेग खात होता. ऐंशी असेल, साठ असेल, सांगायला समोर काही नव्हतं. आरशात ट्रक आता लहान दिसत नव्हता.

"कठड्याला घ्या," बाई म्हणाल्या.

तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढू लागला. ट्रकचा हॉर्न सुरू झाला आणि थांबेचना. गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. त्याने दाराचं बटण दाबलं. दार उघडलं नाही. अर्थातच नाही, तेही विजेवरच चालतं. हाताने उघडायची एक पट्टी असते. नव्या ग्राहकाला गाडी देताना तो स्वतः ती पट्टी दाखवायचा, हसतमुखाने, शेकडो वेळा दाखवली असेल. आता ती कुठे आहे हे त्याला आठवेना. तो बोटांनी दार चाचपत राहिला. हॉर्न कानात, डोक्यात, दातांत भरला.

"दाराच्या कप्प्यात. तळाशी रबर आहे, ते उचला. ओढा."

त्याने ओढलं. दार सुटलं आणि तो गाडीच्या पुढून कठड्याकडे धावला. बाई त्यांच्या बाजूने आधीच उतरल्या होत्या आणि कठड्याला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांनी त्याची बाही धरून त्याला तिकडे खेचलं, तेवढ्यात ट्रक किंचाळत थांबला. निळ्या गाडीच्या आणि ट्रकच्या मध्ये एखादा माणूस आडवा मावला असता, इतकीच जागा उरली होती. जळक्या रबराचा वास पसरला.

ट्रकचालकाने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"मरायचंय का? दिवे तरी लावायचे!"

बाईंनी हात जोडल्यासारखे केले. ट्रक मागे घेऊन तो शिव्या घालत निघून गेला. त्याच्या मागच्या गाड्या वळसा घेऊन जाऊ लागल्या. दोघं कठड्याला धरून उभे राहिले.

सहा मिनिटांनी निळी गाडी जागी झाली. पडदा उजळला, धोक्याचे दिवे शहाण्यासारखे लुकलुकू लागले.

त्याला परत तिच्यात बसायचं नव्हतं, पण पुलावर ठेवूनही चालणार नव्हतं. बाईंना त्याने चालत यायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. वीसच्या वेगाने, जीव मुठीत धरून, ते पुलाच्या पलीकडे उतरले आणि एका बंद दुकानासमोर थांबले. त्याने लॅपटॉप जोडला. नोंदी उघडल्या. अकरा वीसला सगळं सुरळीत. त्यापुढची ओळ अकरा सव्वीसची, तीही सुरळीत. मधे काही नाही.

त्या मोकळ्या जागेकडे तो बघत बसला. हीच जागा त्याने आधी दोनदा पाहिली होती आणि काही घडलं नाही असा तिचा अर्थ लावला होता. पण सगळं बंद पडतं तेव्हा लिहिणाराही बंदच पडणार की. एवढं साधं होतं ते.

त्याने मान वर केली. डॉक्टरबाई दुकानाच्या पायरीवर बसून रडत होत्या. रुमाल तोंडाशी होता, खांदे हलत होते. तो घाईने जवळ गेला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्या हसतही होत्या.

"मॅडम, पाणी आणू का?"

"नको हो. तुम्ही बघितलंत ना? तुमच्या डोळ्यांनी?"

"बघितलं."

"पडदा काळा झाला. मी काही दाबलं नाही."

"तुम्ही काहीच केलं नाही मॅडम. गाडी मी चालवत होतो."

त्यांनी रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"माझी आई साठीनंतर विसरायला लागली. आधी गॅस बंद करायला, मग रस्ता. शेवटी मला 'बाई, तुम्ही कोण?' म्हणायची. तुमचा तो दुसरा कागद माझ्या मुलाने वाचला. तेव्हापासून घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. सोमवारी मला डोक्याच्या तपासणीला नेणार आहेत. पुलावर गाडी बंद पडते त्याची भीती मला कमी वाटत होती हो. रात्र रात्र मी डोकं ठिकाणावर आहे ना बघायला बोटांवर आकडे मोजत पडायचे. पुलावर खरंच बंद पडली, की मीच..."

मेकॅनिकने उगाच पँटला हात पुसले.

"मुलाने वर्कशॉपला फोनही केला होता," त्या म्हणाल्या. "कुणीतरी त्याला म्हणालं, वयाप्रमाणे पेडलवरचा पाय चुकतो कधीकधी."

"मीच म्हणालो होतो ते."

"माहीत आहे. त्याने फोन स्पीकरवर ठेवला होता. आज सकाळी तुम्ही बोललात तेव्हा आवाज ओळखला मी." त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "तुमचा जीव धोक्यात घातला मी. त्याबद्दल माफ करा. पण दुसरं कुणी चाललं नसतं मला."

त्याच्या खिशात फोन वाजला. मॅनेजर. त्याने तो वाजू दिला. वाजून बंद झाल्यावर म्हणाला,

"तुमच्या मुलाचा नंबर लावून द्या."

बाईंनी नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडून लगेच आवाज आला, दमलेला, काळजीने आधीच चिडलेला.

"आई, तू परत ती गाडी घेऊन बाहेर पडलीस ना?"

"मी वर्कशॉपमधून... म्हणजे वर्कशॉपचा मेकॅनिक बोलतोय. त्या दिवशी फोनवर तुमच्याशी बोललो होतो तो. मी तेव्हा चुकीचं सांगितलं. गाडी आत्ता पुलावर बंद पडली. मी चालवत होतो. तुमच्या आईंनी तीनही वेळा अक्षरन् अक्षर खरं सांगितलंय. मी तसं लिहून देतो, सहीनिशी."

मग मुलाने विचारलं,

"आई... आई फार घाबरलीय का?"

मेकॅनिकने पायरीकडे पाहिलं. डॉक्टरबाई पर्समधून वही काढून आजची तारीख आणि वेळ लिहीत होत्या.

"नाही," तो म्हणाला. "घाबरलोय मी."