डब्यांखालचे कागद

लस टोचायला माणसं हवीत, असं भोंग्यावर ओरडत गाडी गल्लीतून गेली आणि सासूबाईंनी सुनेच्या हातातला झाडू काढून घेतला.

"चल. तुझ्याइतका हलका हात आहे का कुणाचा?"

"राहू द्या ना, आई. नोकरी सोडून दहा वर्षं झाली."

"म्हणून काय हात गळून पडला?"

तो हात त्यांनी मागच्याच महिन्यात पाहिला होता. त्यांचा नवरा तापाने फणफणलेला, कंपाउंडरला शीर सापडेना. सुनेने एका दमात सुई लावली. म्हातारा वाचला नाही, पण जाता जाता बोलून गेला, "नर्स होती गं ती. तू तिला घरात कोंडलंस."

शाळेच्या हॉलमध्ये भरती चालली होती. सासूबाईंनी टेबलामागच्या साहेबाला तोंडच उघडू दिलं नाही. "हिला सुई द्या. बाकीच्या भोसकतात नुसत्या!"

साहेब हसला. संगणकात सुनेचा नोंदणी नंबर घातला आणि त्याचं हसू मावळलं.

"यांची नर्सची नोंदणी दोन वर्षांपूर्वी रद्द झालीय. आता सुई हातात देता येणार नाही. मुदत वाढवून घ्या म्हणून तीन पत्रं घरी गेली होती."

"पोस्टमन झोपला असेल तुमचा!" सासूबाई फाडकन बोलल्या. पण साहेबाच्या नजरेला नजर दिली नाही. सून फरशीकडे बघत होती.

"रांगेत टोकन वाटाल?" साहेबाने विचारलं.

"वाटेन," सून म्हणाली.

लसीच्या दिवशी सासूबाईंच्या वाट्याला एक नवशिकी पोर आली. तिची सुई थरथरत होती. टोकनांचा गठ्ठा छातीशी धरून सून मागून हळूच म्हणाली, "आई, दंड सैल सोडा. ताई, थोडं वर घे. हं, आता." रक्ताचा थेंबही आला नाही. सून परत रांगेकडे गेली.

घरी येताच सासूबाईंनी फळीवरचे डबे उतरवले. खाली अंथरलेल्या तीन कागदांवर तेलाचे गोल उमटले होते. त्यांचं शिक्षण दुसरीपर्यंतचं, पण पत्रं आली तेव्हाच सुनेचं नाव आणि 'नर्स' एवढं वाचता आलं होतं. ही पुन्हा नोकरीला जाईल, या धास्तीने पुढे वाचलंच नव्हतं.

त्यांनी कागद पुढे केले.

"माहीत आहे," सून म्हणाली. "डबे मीच पुसते ना, आई."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही द्याल, म्हणून थांबले."

तिने कागद घेतले, फळीवर नीट पसरले आणि एकेक डबा जागच्या जागी ठेवला.